गुलाबी पडदा, हिरवा पडदा

वडील मंगळवारी गेले. सकाळी त्यांनी पेपर वाचला, दुपारी ते नव्हते.

तेरवीला टीव्हीवर लावायला त्यांचा व्हिडिओ करायचं काम माझ्याकडे आलं. फोनमधल्या अ‍ॅपवर ते अवघड नसतं. उभी रेघ हव्या त्या क्षणावर न्यायची, कात्रीवर बोट ठेवायचं, क्लिपचे दोन तुकडे होतात. नको तो पुसायचा, उरलेले ओढून एकमेकांना चिकटवायचे.

अडचण आत्याची होती. माझ्या लग्नात पहिली हळद लावायचा मान तिचा. तो घाईत मामीला गेला, आणि तेव्हापासून बहीणभाऊ बोलत नव्हते. वाशीममध्ये दोघांची घरं एकाच गल्लीत. नात्यातल्या प्रत्येक लग्नाला दोघं येत आणि मांडवाची दोन टोकं धरून बसत. साऱ्या क्लिपा चाळल्या. दोघं एकत्र कुठेच नाहीत. तेरवीला आत्या येणार होती, आणि भावाच्या व्हिडिओत तिला जागाच नव्हती.

मग मला खोडी सुचली. एका लग्नात वडील रुसलेल्या नातीपुढे जिलेबी धरून होते. नात कापली. वडील, जिलेबी आणि आवाज ठेवला: "घे ना वं, रुसून काहून बसली?" दुसऱ्या एका लग्नात आत्याने आधी नको नको करत, मग हसत जिलेबी घेतली होती. तिथला वाढणारा कापला. दोन तुकडे जोडले आणि सुतकात ओढणी तोंडाशी धरून हसले.

तेरवीची जेवणं आटोपल्यावर व्हिडिओ लागला. जिलेबी आली तशा साऱ्या माना आत्याकडे वळल्या. वडिलांमागचा गुलाबी पडदा आत्यामागे हिरवा झाला होता, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. तिच्या आधीच आलं असावं.

व्हिडिओ संपल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली.

"तुह्या बापानं मले जिलेबी कधी वाढली नाही."

"नाही वाढली," मी म्हणाले.

"मंग मी घेतली काहून?"

तिनं बंद टीव्हीकडे बोट दाखवलं. मग हळूच म्हणाली, पडदा तेवढा एका रंगाचा कर अन् मले पाठव.

पडदा मला जमला नाही. क्लिप तशीच तिच्या फोनमध्ये आहे. दोघं एकत्र दिसतात अशी तेवढीच आहे.