आजीचा उजवा हात

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर गैरसमज नको. मी जन्मभर नर्सची नोकरी केली. शवागाराच्या शेजारच्या खोलीत बसून चहा-बिस्कीट खाल्लंय. हडळ, चकवा, अंगात येणं... माझा कशावरही विश्वास नाही. आणि ही शिकवण हॉस्पिटलची नाही, माझ्या आजीची. कुणी भुताखेताचा विषय काढला की ती म्हणायची, "तेवढ्या वेलात रोजरीचं एक दशक म्हनून झालं असतं." म्हणजे जपमाळेच्या दहा मण्यांच्या प्रार्थना.

तरीही हे लिहितेय, कारण जे पाहिलं ते पाहिलं.

आमचं घर नंदाखालला, केळीच्या वाडीत. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील, मी तेव्हा नऊ वर्षांची. आजी म्हणजे बाबांची आई. गावातली सुईण. पहाटेची घंटा झाली की लाल लुगडं नेसून अनवाणी चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला जायची, तिथून थेट कुणातरी बाळंतिणीकडे. कमरेच्या पिशवीत कात्री, दोरा आणि आशीर्वादित पाण्याची बाटली. बाटली कशाला? तर जन्मलेलं मूल जगेलसं वाटलं नाही, तर फादरची वाट बघायला वेळ नसायचा. अशा वेळी बाप्तिस्मा कुणीही द्यायचा, अशी आमच्यात रीत. डोक्यावर तीनदा पाणी घालायचं आणि शब्द म्हणायचे. बाप्तिस्म्याविना गेलेल्या मुलाला त्या काळी चर्चच्या दफनभूमीत जागा नसे. कुंपणाबाहेर, नाहीतर वाडीच्या कडेला पुरायचे. आजीला ते सहन व्हायचं नाही. "एकपन पोर पान्याबिगर जाता नये," म्हणायची. किती पोरांच्या डोक्यावर तिनं पाणी घातलं असेल, देवालाच ठाऊक.

अशा या बाईला पावसाळ्यानंतर लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. माजघरातल्या खाटेवर ती पडून असायची. आम्हीच तिला कुशीवर वळवायचो, पेज भरवायचो. उजवा हात तर उशीवर ठेवला की तिथेच राहायचा. सगळ्यांवर हुकूम सोडणारी माझी आजी, आणि आता तिचे नुसते डोळे फिरायचे. मला फार वाईट वाटायचं. म्हणून शाळेतून आले की मीच तिच्याजवळ बसून मोठ्यानं प्रार्थना म्हणायचे.

आणि नेमकी त्याच हिवाळ्यात आई बाळंत झाली.

दुपारची वेळ. आतल्या खोलीत दुसऱ्या आळीतली सुईण आणि माझी आत्या. बराच वेळ आईच्या कण्हण्याचा आवाज येत होता, मग एकदम शांत. मूल रडलंच नाही. सुईणीनं पाठ चोळली, पाय धरून उलटं केलं, तोंडात फुंकलं. निळंच. बाटली आजीच्या पिशवीत खुंटीवर होती, पण सुईण म्हणाली, "गेलेल्याला पानी घालीत नाय." नियम तसाच होता. तिकडे आईचा रक्तस्राव थांबेना, म्हणून त्या दोघी परत तिच्याकडे वळल्या. आत्यानं मुटकुळं जुन्या लुगड्यात गुंडाळलं, सुपात घातलं आणि माजघरात पेटीवर आणून ठेवलं. आजीच्या खाटेसमोरच, पण खोलीच्या दुसऱ्या टोकाला. बाबा कुदळ घेऊन वाडीत गेले.

मला सांगितलं, आजीपाशी बस. मी बसले. आजीचे डोळे सुपावर खिळलेले. मला तिकडे बघवेना, म्हणून खिडकीकडे तोंड केलं, तर बाहेरून कुदळीचा आवाज यायला लागला...

"पोरी, पानी आन."

मी वळले. खाट रिकामी. आजी पेटीशी उभी.

खरं सांगते, मला भीती वाटली नाही. तिचा तो नेहमीचा हुकमी आवाज ऐकून इतकं बरं वाटलं, की मी धावत जाऊन तांब्या भरून आणला. बाटलीचं मला सुचलंच नाही, साधं विहिरीचं पाणी. तिनं उजव्या हातानं तो घेतला. "पास्कू, मी तुझा बाप्तिस्मा करते, बापाच्या..." पाणी. "पुत्राच्या..." पाणी. "आनि पवित्र आत्म्याच्या नावानं." तिसऱ्यांदा पाणी पडलं आणि सुपातून शिंक आली. मग कण्हल्यासारखं काहीतरी, आणि मग असं रडं, की वाडीतली कुदळ थांबली.

मी बाबांना आणायला पळाले. आम्ही येऊन बघतो तर आजी पेटीला टेकून जमिनीवर बसलेली, उजवा हात लुळा, पदर ओला. वाचा परत गेलेली.

आता गंमत ऐका. मूल मुलगी होती! पास्कू हे माझ्या आजोबांचं नाव. मुलगा झाला तर ठेवायचं, हे घरात आधीच ठरलेलं. गुंडाळलेलं मूल मुलगा की मुलगी, आजीला काय दिसणार?

पण खरा घोळ पुढेच होता. आत्याचं म्हणणं, म्हातारी कशीबशी खाटेवरून घसरत गेली असेल, आणि पाणी या पोरीनंच ओतलं असेल. तसं असेल, तर शब्द नाहीत, म्हणजे बाप्तिस्माही नाही. आणि झाला असेल, तर तो पुन्हा करता येत नाही. आई नुसती रडत होती. शेवटी फादर घरी आले. मला समोर उभं केलं.

"पाणी कोणी घातलं?"

"आजीनं."

"कोणत्या हातानं?"

"उजव्या."

आत्या म्हणाली, "फादर, तो हात मेलेला हाय. पोर खोटं बोलते." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं बोलल्याचा आळ, आणि तोही फादरसमोर! पण मी शब्द बदलला नाही.

फादर खाटेजवळ गेले, वाकून विचारलं, "आजी, शब्द नीट म्हटलेत ना?" कालवणात मीठ घातलंत ना, असं सुनेनं सासूला विचारलं तर सासू जशी बघेल, तशी आजीनं त्यांच्याकडे बघितलं. फादर हसले. म्हणाले, "बाप्तिस्मा झालाय, पाणी परत घालायचं नाही. मुलीला घेऊन रविवारी चर्चमध्ये या, पवित्र तेल लावू. नाव पास्कोलीन करू." आईनं तिथेच गुडघे टेकले.

आजी त्या वर्षीच्या ईस्टरनंतर गेली. तोवर बाळ रोज तिच्या डाव्या कुशीत झोपायचं. ती पुन्हा बोलली नाही, उठलीही नाही.

पुढे नर्स झाल्यावर मी डॉक्टरांना विचारलं. गार पाण्याच्या धक्क्यानं कधीकधी मूल श्वास घेतं, म्हणाले. वाचा गेलेल्या माणसाच्या तोंडून पाठ असलेली प्रार्थना निघते, हेही मी वॉर्डात पाहिलंय. पण "पोरी, पानी आन" ही काही प्रार्थना नव्हे. आणि खोली ओलांडून जाणारे पाय? तो हात? यावर डॉक्टरांनी खांदे उडवले.

पास्कोलीनला तर यातलं काहीच पटत नाही. ती शाळेत सायन्स शिकवायची. सत्तरी उलटली, तरी दर नाताळला वाद घालते. "तू लहान होतीस ताई, तुला भास झाला. मी मेलेच नव्हते." पुराव्यासकट बोल म्हणते, आवाज चढवते, टेबलावर हात आपटते.

मी ऐकून घेते. भांडायला ती आहे ना, मला तेवढं पुरे.