पाण्याला झाडू मारणारा सोमादादा

मुलांनो, चोरखमाऱ्याच्या तलावावर सोमादादा ढिवर इतरांच्या आधी पोहोचायचा. तो आणि त्याचा भाऊ दोन डोंग्यांत बसत, मध्ये जाड दोर बुडवत आणि पाण्याखालचे खुंट ओढून काढत. मग बाकीच्यांची जाळी फाटत नसत.

"सोमा, पाण्याले झाडू मारून राहिला का रे?" काठावरचे हसायचे.

"मासे तुमचे, रस्ता माहा," तो म्हणायचा.

हे काम तो नौदलात शिकला होता. महायुद्धात आपलं नौदल अगदी लहान होतं. त्याचं जहाज बंदराच्या तोंडाशी पुढे जाऊन समुद्रातले सुरुंग काढायचं आणि त्यामागून धान्याची, माणसांची मोठी जहाजं आत यायची. युद्ध संपलं, माणसं कमी केली, त्यात सोमादादाही परतला. पण जीव तिकडेच होता. सत्तेचाळीस साली पुन्हा भरती असल्याचं कळलं, तेव्हा तो अर्ज लिहून घ्यायला आमच्या ओसरीवर आला. गावात इंग्रजी येणारी मी एकटीच.

"बाई, लिहा. आमी समोर जाऊन रस्ता साफ केला. मांगची जहाजं पोचली. गोळी एकही नाही चालवली."

मी पेन्सिलीने मराठीत टिपून घेतलं. इंग्रजीत उतरवताना मात्र वाटलं, गोळी न चालवलेल्या खलाशाला कोण घेणार? मी अर्जात त्याला तोफेवर उभं केलं, त्याच्या हातून शत्रूचं जहाजही बुडवलं. त्याने विश्वासाने खाली सही केली.

महिन्याभराने उत्तर आलं. नौदलाच्या नोंदीत सुरुंग काढण्याचं काम आहे, अर्जातली माहिती खोटी आहे, म्हणून अर्ज नामंजूर.

मी वाचून दाखवलं आणि काय लिहिलं होतं तेही सांगितलं. त्याने कागद माझ्या हातून घेतला आणि घडी घातली.

"कायले वो बाई? त्या कामाची मले लाज नोहोती. तुमाले काऊन वाटली?"

दुसऱ्या दिवशी पहाटे दोन डोंगे पाण्यात होते. पुढे तो वारला, तेही तलावाच्या काठावरच.

माझे सगळे कागद नीट लावून ठेवलेले असतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. तो पेन्सिलीचा कागद अजून आहे. तेव्हा पाठवायला हवा होता तो मजकूर आज तुम्हाला पाठवते, एकही शब्द न बदलता:

"आमी समोर जाऊन रस्ता साफ केला. मांगची जहाजं पोचली. गोळी एकही नाही चालवली."