जिवंत माणसाची जयंती

गेलेल्या माणसाची जयंती असते आणि जिवंत माणसाचा वाढदिवस, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. मी मात्र आमच्या वरच्या मजल्यावरच्या ओपांची जयंती करून टाकली, आणि तेव्हा ते वर बसून कॉफी पीत होते.

झालं असं. मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज सकाळी दिनविशेष टाकायचं काम मी स्वतःहून अंगावर घेतलंय. कुणी सांगितलं नव्हतं. कुणी वाचतं असंही नाही. त्यात कृष्णवर्णीय गायक-वादकांच्या तारखा जास्त असतात, कारण ते वेड मला ओपांनी लावलं. ओपा म्हणजे इकडे जर्मनीत आजोबा. मूळचे अमेरिकेचे. तरुणपणी बोब्लिंगेन शहराच्या बाजूला सैनिक म्हणून आले, इथल्याच मुलीशी लग्न केलं आणि राहिले. आता एकटे आहेत, सोबतीला भिंतभर रेकॉर्ड.

त्यांच्या वाढदिवशी मी घाईत लिहिलं, "आज आमच्या ओपांची जयंती. विनम्र अभिवादन." दहा मिनिटांत श्रद्धांजल्यांचा पाऊस. पलीकडच्या गल्लीतल्या एक काकू तर पांढरी फुलं घेऊन थेट त्यांच्या दारात. दार ओपांनीच उघडलं. काकूंची किंकाळी खाली आमच्यापर्यंत आली. ओपांनी फुलं घेतली, काकूंना पाणी दिलं आणि मला वर बोलावून म्हणाले, "मी गेलो हे आधी कळवायचंस. केकची ऑर्डर नसती दिली."

त्याच वर्षी गावातल्या जुन्या नाचाच्या हॉलला पन्नास वर्षं होणार होती. आमच्या गावाने सोल आणि फंक संगीत पहिल्यांदा ऐकलं ते तिथेच, ओपा आणि त्यांच्या सैनिक मित्रांकडून. माझा ऑफिसातला जर्मन मित्र सोहळ्याच्या समितीत होता. बारा वर्षं आम्ही दुपारचा डबा शेजारी बसून खाल्ला. आनमेल्डुंग म्हणजे पत्त्याच्या नोंदणीपासून किंडरगेल्ड म्हणजे मुलांच्या सरकारी भत्त्यापर्यंत माझी सगळी कागदपत्रं त्यानेच भरली. त्याला जुने फोटो हवे होते, आणि ते फक्त ओपांकडे होते.

ओपांची अट एकच होती. "फोटो ने. पण मी पाच मिनिटं बोलणार."

कशावर, तर दारावर. सुरुवातीला त्या हॉलच्या दारात त्यांना थांबवायचे, "आज फक्त सभासदांना प्रवेश आहे." मागून त्यांच्याच तुकडीतले गोरे सैनिक यायचे आणि सरळ आत जायचे. पुढे गावातल्या पोरांना नाचायला तीच गाणी हवीशी झाली तेव्हा यांना आत घेतलं, तेही मागच्या दाराने, बास गिटारसकट. हे त्यांनी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. आता सांगायचं होतं, माइकवर, त्याच हॉलमध्ये.

मी मित्राला विचारलं. "गेनाऊ, अगदी बरोबर," तो म्हणाला, "पाच मिनिटं त्यांची. शब्द देतो."

मग महिनाभर ओपा आमच्या स्वयंपाकघरात बसून ते एक पान जर्मनमध्ये लिहीत होते. इतकी वर्षं इथे राहूनही त्यांचं देर-दी-दास, म्हणजे नामांचं लिंग, चुकतं. माझी बायको पोळ्या लाटता लाटता दुरुस्त करायची. शेवटी ती म्हणाली, "झालं. आता एकही चूक नाही." तरी मी त्या कागदाचा फोटो काढून मित्राला पाठवला. म्हटलं, अस्सल जर्मन नजर एकदा फिरलेली बरी. बायकोला बोललो नाही. ओपांनाही नाही.

सोहळा रविवारी दुपारी होता. ओपा निळ्या सुटात, कागद आतल्या खिशात, सारखे चाचपून बघत होते. पडद्यावर त्यांचा फोटो आला, हातात बास, ओठांवर हसू, आणि खाली ओळ: "आमच्या तेव्हाच्या मित्रांच्या स्मरणार्थ." फोटोतला माणूस सातव्या रांगेत माझ्या शेजारी बसला होता.

"यंदा दुसऱ्यांदा," ते माझ्या कानात म्हणाले. मी हसलो. वाटलं, आता बोलावतीलच.

गावातल्या एका बँडने ती गाणी वाजवली. भाषणं झाली. मग मित्र माइकवर आला, फोटो मिळवून दिल्याबद्दल त्याने माझे आभार मानले आणि मला पुष्पगुच्छ दिला. मी उभा राहिलो, वळून सगळ्यांना नमस्कार केला, अगदी सत्कारमूर्तीसारखा. टाळ्या पडल्या. त्या थांबल्यावर तो म्हणाला, "जेवण तयार आहे."

मी त्याला बटाट्याच्या सॅलडपाशी गाठलं.

"आल्झो, उशीर झाला रे," तो म्हणाला.

"पाच मिनिटं होती फक्त."

"वाचला मी तो कागद." त्याने आवाज खाली आणला. "तेव्हा दारावर जो उभा असायचा ना, त्याची मुलं पहिल्या रांगेत बसली होती. आज आनंदाचा दिवस आहे." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बाकी जर्मन फार छान. एकही चूक नाही."

मी त्याला चार शब्द सुनावले, असं लिहायला मला आवडलं असतं. माझ्या एका हातात गुच्छ होता आणि दुसऱ्यात त्याने वाढून दिलेली प्लेट.

आम्ही तिघं घरी परतलो. जिन्यात आमच्या दाराशी ओपा थांबले.

"तो कागद त्याला आधी दाखवला होतास?"

"फक्त व्याकरणासाठी," मी म्हणालो.

मागे बायकोची पावलं थबकली.

"व्याकरण," ओपा म्हणाले, आणि कठड्याला धरून वर गेले. रविवारी संध्याकाळी वरून बासची धडधड येते, आमच्या ताटल्या हलतात. त्या दिवशी ताटल्या जागच्या जागी होत्या.

गुच्छ अजून माझ्या हातातच होता. काहीतरी करायला हवं म्हणून मी म्हणालो, "हा वर देऊन येतो. खरा मान त्यांचाच आहे."

बायकोने किल्ल्या खुंटीला अडकवल्या.

"अहो, फुलं तरी नका नेऊ," ती म्हणाली. "ती एकदा देऊन झाली आहेत."