उंबऱ्यावरची हळद

गुरुग्रामला मामाच्या फ्लॅटच्या संगमरवरी उंबऱ्यावर हळदीचा डाग दिसला, की वास्तुशांतीची सकाळ आठवते. घरात पहिलं पाऊल टाकायला आणलेली गाय लिफ्टमध्ये मावेना, म्हणून गवळ्याने तिचं वासरूच वर आणलं. त्याचा गुडघा सुजलेला, पाय टेकवत नव्हतं. "स्वतःच्या पायांनी आत यायला हवं," गुरुजी म्हणाले. पाहुण्यांनी आधी वाकून नमस्कार केला, मग मागून ढकललं. ते उंबऱ्यावरच कोसळलं. आई ताटातली हळद तेलात कालवून त्याच्या गुडघ्याला लावू लागली. "ताई, ती पूजेची आहे!" मामी ओरडली. "मग पूजाच करतेय," आई म्हणाली. खाली गाय हंबरत होती. गवळ्याने वासराला ओढत लिफ्टकडे नेलं, तेव्हा तो माखलेला पाय उंबऱ्यावर घासला. पुढच्या आठवड्यात आईने फोन केला. "नहीं रहा, बहनजी," गवळी म्हणाला. मामी तो डाग अजून लक्ष्मीचं पाऊल म्हणून दाखवते. मी उंबरा ओलांडताना पाय नीट उचलतो.