अँथीम लब्रेकचं एक मत

अँथीम लब्रेक हा गावाचा शेतराखणदार. छातीवर पितळी बिल्ला, कमरेला गंजकी तलवार आणि आवाज असा, की त्याने नॉर्मंडीत 'कोण आहे रे तिकडे' म्हटलं तर समुद्रापलीकडचे इंग्रज आपापले खिसे चाचपत. सरदार द ब्रेव्हांसाहेबांशी त्याची पहिली भेट झाली ती त्यांना पकडतानाच. साहेब लोकशाहीवर जाडजूड ग्रंथ लिहीत. विचारांच्या तंद्रीत ते दुसऱ्याच्या गव्हात कमरेपर्यंत शिरले होते. अँथीमने त्यांना कोटाच्या शेपटाला धरून बाहेर काढलं आणि कचेरीत आणलं. मागून पोरं, गाई आणि पाद्री.

साहेब रागावले नाहीत, गहिवरले. "सरदारालाही कायदा लागतो म्हणजे देश जिवंत आहे, लब्रेक," म्हणाले. दंड भरला आणि वर पाऊण तास नागरिकाच्या मताची थोरवी सांगितली. चाळीस वर्षांत अँथीमशी असं बरोबरीने कोणी बोललं नव्हतं, बायको धरून.

१८६३ साली साहेब बादशहाच्या उमेदवाराविरुद्ध उभे राहिले. सरकारी उमेदवाराच्या नावाच्या छापील मतचिठ्ठ्या घरोघर वाटायचं काम राखणदाराचं. अँथीमने त्या इमानाने वाटल्या. स्वतःसाठी मात्र वहीचं पान फाडून त्यावर साहेबांचं नाव लिहिलं.

चिठ्ठी पेटीत पडायची ती मेयर गोस्लांच्या हातून. त्याने ती चिमटीत धरून चाचपली.

"जाड लागतंय रे तुझं मत."

"माझंच आहे, मेयरसाहेब."

"आणि नोकरी कोणाची?"

"गावाची."

"गाव म्हणजे कोण, बाबा?" असं म्हणत मेयरने चिठ्ठी अदबीने पेटीत टाकली.

संध्याकाळी निकाल लागला: सरकारी उमेदवाराला दोनशे चौदा, द ब्रेव्हांना शून्य. सोमवारी अँथीमचा बिल्ला काढून घेतला.

तो साहेबांकडे गेला. "तुम्हाला मत दिलं म्हणून नोकरी गेली. वर सरकारला दोन ओळी लिहा."

साहेबांनी कागदांतून मान वर केली. "मित्रा, असं सांगत आलेला तू एकोणिसावा. आणि अहवालात शून्य आहे."

"तुमचं स्वतःचं तरी असेल ना त्यात?"

"स्वतःला मत देणं शोभत नाही. मी गेलोच नाही."

"म्हणजे मी खोटं बोलतोय?"

"छे छे. भित्रा माणूस मागाहून शूर होतो, एवढंच. मोठा उद्बोधक प्रकार आहे." आणि त्याच्यादेखतच त्यांनी तसं टिपण करून ठेवलं.

राखणदाराची जागा मेयरच्या मेव्हण्याला मिळाली. अँथीम पुढची अकरा वर्षं रस्त्यावर खडी फोडत होता.