घरकुलावरची पाटी

जिल्हा परिषदेतल्या मोठ्या साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. समोर माझा प्रस्ताव होता, अकरा पानांचा. त्यांनी शेवटचं पान उलटलं, चष्म्यावरून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि सही केली.

"करून टाकू, मॅडम. जिल्ह्यात पहिल्यांदाच होतंय असं."

मी दालनाबाहेर आले आणि जिन्यातच आमच्या डॉक्टर सरांना फोन लावला. लावला खरा, पण तोंडातून शब्द फुटेना. सरांना वाटलं, प्रस्ताव आपटला. ते समजूत घालायला लागले, पुढच्या वर्षी बघू वगैरे. मी कशीबशी म्हटलं, "सर, झालं." पलीकडून सरांनी अशी आरोळी ठोकली की अख्ख्या ओपीडीने ऐकली असणार.

मी समुपदेशक होते. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत माझी नोकरी गेली. एचआयव्हीची तपासणी करायला आलेल्या माणसाशी आधी बोलायचं, रिपोर्ट आला की पुन्हा बोलायचं, आणि गोळ्या सुरू झाल्या की त्या चुकत नाहीत ना यावर लक्ष ठेवायचं, हे माझं काम. या औषधांना एआरटी म्हणतात. ठरल्या वेळी रोज घ्यायची, जन्मभर. नेमाने घेतली तर माणूस भात लावतो, कापतो, पोरांची लग्नं करतो, चांगला म्हातारा होतो. वारंवार चुकली तर तेच औषध पुढे लागू पडत नाही.

इथे सांगून ठेवते, पुढची सगळी नावं बदललेली आहेत आणि गावाचं नाव तर मी सांगणारच नाही. रिटायर झाले तरी ही सवय काही जात नाही.

तर, गोळी का चुकते? वरच्या मीटिंगांमध्ये याला अज्ञान म्हणायचे. मला राग यायचा. डोळखांबकडच्या एका पाड्यावरचा आमचा पेशंट गोळ्यांची बाटली पेंढ्याच्या छपरात खोचून ठेवायचा. घरात दुसरी जागाच नव्हती. एका पावसाळ्यात छप्पर गळलं आणि महिन्याच्या गोळ्यांचा चिखल झाला. त्यात अज्ञान कसलं? आणि वैशाखऱ्याच्या बाजूची आमची सुमन. नवरा आजाराने गेला, गावात कावीळ म्हणून सांगितलं. मुलीला घेऊन ती माहेरी, भावाच्या घरी आली. खोल्या दोन, माणसं सात. सुमनने बाटली मिश्रीच्या डब्यात लपवली होती, कारण दुसऱ्या बाईच्या मिश्रीच्या डब्यात कोणी हात घालत नाही. गोळ्या वाजू नयेत म्हणून बाटलीत कापूस कोंबलेला. रोज जेवणं झाली की डबा घेऊन दात घासायच्या निमित्ताने ती परसात जायची आणि अंधारात पाण्याशिवायच गोळी गिळायची. पाहुणे परसात बाजा टाकून बसले की त्या दिवशी गोळी नाही.

अशा माणसांना आधी घर पाहिजे, दाराला आतून कडी असलेलं, हे मी वर सांगायला लागले. पहिलं उत्तर ठरलेलं असायचं: घरकुलाच्या योजना आहेत की, यादीत नाव घाला. नावं घातलेलीच होती. यादी गोगलगायीला लाजवेल अशी सरकत होती. म्हणून मी वेगळं लेखाशीर्ष मागितलं. लेखाशीर्ष म्हणजे सरकारी बजेटमधला नाव लिहिलेला डबा. त्यातला निधी दुसऱ्या कामाला सहज उचलता येत नाही. दोन वर्षं मी या टेबलावरून त्या टेबलावर फिरले. शिपाईसुद्धा मला बघून "आल्या" म्हणायचे. आणि योजनेचं नाव मी स्वतः ठरवलं होतं, ठळक टायपात, एचआयव्ही-एड्सबाधित कुटुंबांसाठी विशेष घरकुल योजना. त्यावर आज सही झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सुमनकडे गेले. खरं तर ती दवाखान्यात येईपर्यंत थांबायचं, पण दम कोणाला होता! ती शेतात राब करत होती. भाताची रोपं जिथे पेरायची ती जमीन उन्हाळ्यात पालापाचोळा आणि शेण पसरून भाजून काढतात, तो राब. आजूबाजूला कोणी नव्हतं. मी तिला सांगितलं. तिने हातातली शेणाची टोपली खाली ठेवली आणि मटकन बांधावर बसली. मग एकदम प्रश्न सुरू झाले. दारं किती, कडी आतून असेल का, भावाने दिलेल्या जागेवर चालेल का. मी प्रत्येकाला हो म्हणत होते. आम्ही दोघी वेड्यासारख्या हसत होतो.

आणि मग तिने विचारलं, "मॅडम, भिंतीवर काय लिवनार?"

"कुठल्या भिंतीवर?"

"घरकुलाच्या. आमच्या गावात समद्या घरकुलांना लिवलाय ना, दाराच्या बाजूला. कोनाचा घर, कंची योजना, कंचा साल."

मी वर पाहिलं. शेताच्या पलीकडे तीन घरकुलं होती. तिन्ही भिंतींवर निळ्या अक्षरांची पाटी रंगवलेली. अशा शेकडो पाट्यांसमोरून मी वर्षानुवर्षं स्कूटी पळवली होती. एकही कधी वाचली नव्हती. आता मला त्या भिंतीवर सुमनचं नाव दिसायला लागलं, आणि त्याखाली मी ठळक टायपात ठरवलेलं योजनेचं नाव.

सुमनला माझ्या चेहऱ्यावरूनच कळलं असावं. ती शांतपणे म्हणाली, "तसा असंल तर मना नको घर. पोरगी धाव्वीला हाय माझी. मी हाय तिथंच बरी."

ती उठून पुन्हा शेण पसरायला लागली. मला माझीच इतकी लाज कधी वाटली नव्हती. माणसाचं गुपित सांभाळायचा पगार घेणारी बाई मी, आणि त्या गुपिताची भिंतभर जाहिरात करायचा प्रस्ताव अकरा पानांत मांडून आले होते. सहीसुद्धा घेऊन आले होते.

तशीच मुरबाडला पंचायत समितीत भोईर भाऊसाहेबांकडे गेले. तालुक्यातल्या घरकुलांच्या फायली हे बघायचे. बोलायला कमी, कानावर पेन्सिल. त्यांना विचारलं, पाटी नाही लावली तर? ते म्हणाले, नाही जमणार. पाटीसकट घराचा फोटो मोबाइलवरून वर पाठवावा लागतो, त्याशिवाय घर पूर्ण झालं असं कागदावर धरत नाहीत. एवढ्यात डॉक्टर सरांचा फोन. त्यांनी उत्साहाच्या भरात शहापूरच्या पेंटरला योजनेच्या नावाचा पत्रा कापायला सांगितलाही होता. अक्षरं कोरलेला पत्रा भिंतीला लावून वरून रंग मारला की पाटी तयार. मी फोनवर सरांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. पुढे त्यांनी मनावर घेतलं नाही, हा त्यांचा मोठेपणा.

"भाऊसाहेब, उद्या माझ्याबरोबर साहेबांकडे चला," मी म्हटलं. त्यांनी पेन्सिल काढून पुन्हा कानावर ठेवली. तो होकार होता.

साहेब भडकले, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं.

"मॅडम, वेगळं नाव पाहिजे म्हणून दोन वर्षं माझा जीव कोणी खाल्ला?"

"मीच."

"नाव काढलं तर हा निधी मार्चनंतर कुठे जाईल ते मी सांगू शकत नाही. मग पुन्हा येऊ नका."

हेच मला ठाऊक होतं, म्हणून तर नाव मागितलं होतं. डब्यावर नाव नसेल तर डबा रिकामा होतो, आणि नाव असेल तर भिंतीवर जातं. साहेब पुढे म्हणाले, चाव्या वाटपाचा कार्यक्रम ठरलाय, पत्रकारांना सांगून झालंय, फोटो निघणार आहेत. मग माझाही तोल गेला.

"साहेब, त्या फोटोत उभं राहायला एकही माणूस येणार नाही. तुम्ही आणि मी, दोघंच असू."

मला वाटलं, संपलं. तेवढ्यात दाराजवळच्या खुर्चीतून भोईर भाऊसाहेब खाकरले.

"साहेब, एक बोलू? भिंतीला लेखाशीर्ष लागत नाय. भिंतीला योजना लागते."

साहेबांनी मान वळवली. भाऊसाहेब उठले, माझ्याच प्रस्तावाच्या मागच्या कोऱ्या पानावर दोन चौकोन काढले आणि समजावून सांगायला लागले. निधीचं शीर्षक आहे तसंच राहू दे, ते फक्त फाइलीत असतं. घरं मात्र जुन्या सर्वसाधारण घरकुल योजनेतूनच बांधायची. ही माणसं त्या यादीत आहेतच, कोणी विधवा म्हणून, कोणी बेघर म्हणून, ग्रामसभेत नावं वाचूनही झालीत. त्यांना फक्त वर सरकवायचं. आजाराची खरी यादी मॅडमच्या कपाटात, कुलपात. पाटी सगळ्यांसारखी.

मला उठून त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. वीस वर्षं मी ज्यांना फायली पुढे सरकवा म्हणून टोचत होते, त्या माणसाने दोन चौकोनांत सगळं सोडवलं होतं.

साहेब अजून साशंक होते. "आणि गावाने विचारलं, ही एकदम वर कशी आली?"

"तालुक्याने वशिला लावला म्हनतील. तालुक्याला शिव्या घालायची गावाला सवय हाय, साहेब. आमी खातो त्या."

साहेब हसले. मग चष्मा पुसत म्हणाले, "कार्यक्रम रद्द करतो. पण तीन दिवसांत नवीन प्रस्ताव आणा, मार्च संपत आलाय."

ते तीन दिवस! मी रात्रंदिवस म्हणणार नाही, पण जेवणाचा डबा तीनही दिवस तसाच घरी परत गेला. तीन टेबलांवरच्या सह्या हव्या होत्या. एका टेबलावरचे गृहस्थ लग्नाला सरळगावला गेले होते. भाऊसाहेबांनी त्यांना मांडवात गाठलं. अक्षता पडेपर्यंत सभ्यपणे थांबले आणि पंगतीतच फाइल पुढे केली. त्या गृहस्थांनी आमरसाच्या बोटांनी सही केली. त्या पानावर पिवळा डाग आहे. तो प्रस्ताव मंजूर झाला. शहापूरला जाऊन पेंटरकडचा तो पत्रा मी स्वतः ताब्यात घेतला आणि त्याच्याच कात्रीने त्याचे चार तुकडे केले. पेंटर कळवळला, फार सुबक अक्षरं काढली होती त्याने.

पुढच्या वर्षी भात कापून झाल्यावर सुमनच्या घरी गेले. दाराच्या बाजूला निळी पाटी, तिचं नाव आणि योजनेचं नाव, शेजारच्या तीन घरांवर आहे अगदी तेच. भावजय बाहेर उभी होती. हळूच मला म्हणाली, "वन्संचा वशिला हाय गो तालुक्याला कोनाचा तरी. नायतर इतक्या लवकर व्हतंय का?" मी म्हटलं, असेल बाई. इतक्या आनंदाने मी कधी शिवी पचवली नव्हती.

सुमनने मला आत घेतलं, दार लावलं आणि कडी घातली. भिंतीतल्या फळीवर, लेकीच्या कुंकवाच्या करंड्याशेजारी, गोळ्यांची बाटली उघडी ठेवली होती. मिश्रीचा डबा चुलीशी, त्यात आता फक्त मिश्री. तिने बाटली उचलली आणि माझ्या कानाशी धरून हलवली. खुळखुळ आवाज झाला. कापूस नव्हता.

"वाजू दे," ती म्हणाली. "माझ्याच घरात वाजतंय."

चहा झाला, दोनदा झाला.

आता नवीन पोरं-पोरी प्रस्ताव घेऊन माझ्याकडे दाखवायला येतात. चांगले लिहितात, माझ्यापेक्षा चांगले. मी ते बाजूला ठेवते आणि सांगते, आधी ज्याच्या दारात हे जाणार त्याच्या भिंतीवर काय रंगवणार ते लिहून आणा, बाकीची पानं मग वाचू.