नाव नसलेला डबा

नऊ मार्च, सोमवार. काम: माळ्यावरचं भांड्यांचं पोतं उतरवून नाव नसलेला एक डबा शोधणे.

हे काम वाटतं तितकं सोपं नाही. आमच्या घरातल्या प्रत्येक भांड्यावर कुणाचं तरी नाव कोरलेलं आहे. पातेल्यावर सासूबाई, परातीवर माझी आई आणि तांब्यावर नगरचे एक काका, ज्यांना आमच्यापैकी कुणीच कधी पाहिलेलं नाही! आणि मला तर असा डबा हवा होता, ज्यावरून मी ओळखूच येणार नाही. कारण मी गुपचूप सत्कर्म करायला निघाले होते.

आदल्याच दिवशी, रविवारच्या उपासनेत, आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या, उरलेल्या दिवसांसाठी गृहपाठ दिला होता. "एक तरी चांगलं काम असं करा, की ते देवाशिवाय कुणाला कळणार नाही. आणि करताना स्वतःला विचारा, हे मी नेमकं कशासाठी करतोय?"

पहिला भाग मला लगेच जमण्यासारखा वाटला. दुसऱ्याकडे माझं लक्ष नव्हतं. (आज कोण कोण आलं नाही, ते मी बघत होते.)

बाळकुमच्या आमच्या सोसायटीत, समोरच्या बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर लोखंडे टीचर राहतात. आमच्याच चर्चच्या. वय पंचाहत्तर, घरात एकट्या, आणि बाथरूममध्ये घसरल्यामुळे उजवा हात प्लास्टरमध्ये. पुतण्या म्हणत होता, नगरला चला. टीचर म्हणत होत्या, मी माझं घर सोडणार नाही. पण डाव्या हाताने पोळ्या कशा लाटणार? जेवणाची सोय झाली, तरच त्यांना इथे राहता येणार होतं.

माझा बेत साधा होता. रोज साडेअकराला दोन वेळचं जेवण डब्यात भरायचं, टीचरच्या दाराच्या कडीला अडकवायचं, बेल वाजवायची आणि पळायचं.

"तू पळणार?" आमच्या ह्यांनी पेपरातून डोकं वर काढलं. "गुडघ्यांना विचारलंस का?"

"देव बळ देईल."

"देवाने बी विंगला लिफ्टसुद्धा दिलीय."

"लिफ्टमध्ये माणसं भेटतात! हे गुप्त काम आहे!"

पोत्याच्या तळाशी तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा मिळाला. झाकण कोरं, बाजू कोऱ्या. झालं! सुरुवात केली. रोज सकाळी धुतलेला रिकामा डबा कडीला लटकत असायचा, तो आणायचा, भरून पुन्हा लावायचा. दुसऱ्या दिवसापासून मी बेल वाजवून अर्ध्या जिन्यात पोचायला शिकले.

आता खरं सांगते. गुपचूप केलेलं सत्कर्म आठवड्याभरात आपोआप फुटतं, असा माझा अंदाज होता. कुणीतरी बघतं, कुणीतरी कुणाला तरी सांगतं, मग लोक म्हणतात, "अगं, तू होतीस होय!" आणि आपण काही न बोलता नुसतं खाली बघायचं. मी आरशासमोर एकदा खाली बघूनही पाहिलं. चांगलं दिसत होतं.

रविवार आला. आमच्याकडे उपासनेत साक्षीची वेळ असते. आठवड्यात देवाने आपल्यासाठी काय केलं, ते उभं राहून सगळ्यांना सांगायचं. टीचर प्लास्टरसकट उभ्या राहिल्या. मी पदर सारखा केला.

"देवाने मला डबा पाठवला," टीचर म्हणाल्या. "देणारीने नाव सांगितलं नाही. पण काल डबा धुऊन पालथा घातला, तर बुडाला नाव! आपली एस्तेर!"

एस्तेर म्हणजे माझी धाकटी नणंद. घोडबंदर रोडला एकविसाव्या मजल्यावर राहते आणि कॉयरमध्ये पहिल्या रांगेत गाते.

मग मला आठवलं. दोन नाताळांपूर्वी तिच्याकडून करंज्या भरून आलेला तो डबा! एस्तेरने तो माझ्याकडे निदान पाच वेळा मागितला होता आणि पाचही वेळा मी छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "आमच्याकडे नाही गं बाई!"

तिकडे एस्तेर ताडकन उठली. "अहो टीचर, मी नाही! मी काहीच केलं नाही!"

"पाहिलंत?" पाळकसाहेबांनी दोन्ही हात वर केले. "याला म्हणतात नम्रता!"

"आमेन!" सगळी मंडळी म्हणाली. मीही म्हणाले. (काय करणार? जेवण माझं म्हणावं, तर डबा दाबून ठेवल्याचंही कबूल करावं लागलं असतं!)

एस्तेर जितकी नाही म्हणे, तितकी ती थोर होत गेली. संध्याकाळपर्यंत चर्चच्या ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस पडला. "घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून रोज येते, धन्य आहे!" असं कुणीतरी लिहिलं, आणि त्याला अंगठा देणाऱ्यांत आमचे हे पहिले होते.

"अहो, तुम्हाला तर माहितीय ना!"

"माहितीय. पण गुप्त आहे ना?"

मंगळवारी मी पकडलं जायचं ठरवलं. डब्याचं नंतर बघता येईल, आधी श्रेय! बेल वाजवली आणि तिथेच उभी राहिले. दार उघडलं.

"अगं, तू?"

मी खाली बघितलं.

"म्हणजे एस्तेर तुझ्या हाती डबा पाठवते! तरीच म्हटलं, ती रोज एवढ्या लांबून येते कशी. बरं करतेस हो. पोचवणं हीसुद्धा सेवाच."

मी तोंड उघडलं.

"आणि तिला सांग, पुतण्याला मी कळवून टाकलं, नगरला येत नाही म्हणून. बॅग भरून ठेवली होती, ती काल रिकामी केली."

मी तोंड मिटलं.

"तेवढं मीठ मात्र जरा कमी घाल म्हणावं तिला."

"सांगते," मी म्हणाले. "तिचा हात मिठाला जडच आहे."

घरी येऊन मी जाहीर केलं, "उद्यापासून डबा बंद!"

"आणि टीचर काय खाणार?"

"एस्तेर आहे की! नाव तिचं, तर पोळ्याही तिच्याच!"

तेवढ्यात एस्तेरचाच फोन. "वहिनी, मला चैन पडत नाही गं. न केलेल्या कामाचे आभार घेत फिरतेय. माझा डबा तिथे कसा पोचला, देव जाणे! दोन आज्यांनी तर 'आम्हालाही डबा देशील का?' म्हणून विचारलंसुद्धा! मी ठरवलंय, उद्यापासून टीचरना खरंच मी डबा नेणार. दोन दिवस सुट्टी टाकलीय, पुढचं ऑफिसला जाताना जमवेन. साडेअकराच्या आत पोचते."

म्हणजे माझी सुटका आणि टीचरची सोय. मला आनंद व्हायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साडेपाचलाच उठले. भरली वांगी केली, घडीच्या पोळ्या केल्या, वरणभात केला, दोनदा चाखून मीठ बेताचं घातलं आणि सव्वादहाला डबा कडीला अडकवून, बेल वाजवून पळाले. एस्तेर या वेळी घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेली असणार, या विचाराने मला इतकं बरं वाटलं की गुडघेसुद्धा दुखेनात! अर्धा जिना उतरल्यावर मात्र थबकले. इतक्या लवकर टीचरना भूक लागली असेल का?

दहा दिवस मी त्यांना डबा नेत होते. त्यांच्या भुकेची आठवण मला तेव्हा पहिल्यांदा झाली.